दोन दोरांच्या मधून

इंटर सायन्सला मी नापास झालो त्या उन्हाळ्यात घरचं कोणी मला काही बोललं नाही. अमरावतीहून पेटी घेऊन इंझोरीला आलो आणि दिवसभर ओसरीवर पडून राहू लागलो. मेकॅनिक्सचा पेपर गेला होता. एका बिंदूला चार-पाच बाजूंनी ओढ असेल, तर सगळी मिळून ओढ किती आणि कुठल्या दिशेला, हे गणित मी पाठ केलं होतं. ते मला कधी दिसलं नव्हतं. डोळे मिटले की पुस्तकातले बाण पापण्यांआड तरंगायचे आणि त्यांच्यामागून मी हळूहळू झोपेत उतरत जायचो.

अशाच एका सकाळी आई म्हणाली की चाचांची घोडी तळ्यात फसली.

चाचा बांगड्या विकत. घोडीच्या दोन्ही अंगांना पेट्या लादून पार आमच्याकडच्या मालेगावपर्यंतचे बाजार करत. घोडी पांढरी, शांत. तळं आटून मधे थोडंसं पाणी उरलं होतं, ते प्यायला ती उतरली आणि पोटापर्यंत गाळात रुतली.

मी पोचलो तेव्हा चाचा कमरेइतक्या गाळात घोडीचं तोंड छातीशी धरून उभे होते. तिच्या छातीभोवतीच्या पट्ट्याला पाच दोर बांधले होते आणि पाचही वेगवेगळ्या काठांना गेले होते. ज्याला जिथं पाय रोवायला जागा मिळाली, तिथून तो ओढत होता. बाबा पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या, सहा जणांत होते. दोर ताणून थरथरत होते आणि घोडी जागची हलत नव्हती. गाळावर ऊन लवलवत होतं, पलीकडची माणसं त्या उन्हात पाण्यात असल्यासारखी हलत होती. इतका जोर चालला होता, आणि मधोमध एक पांढरा जीव अगदी स्तब्ध. मी अजून ओसरीवर झोपलेलाच आहे की काय, असं मला क्षणभर वाटलं.

मग ते बाण दिसले. या वेळी डोळे उघडे होते.

जवळच्या कुंपणातल्या तुरकाठ्या मी मोडून घेतल्या. दोरावरच्या दर माणसामागे चार बोटं लांबी, असं काडीचं माप धरलं. दोर ज्या दिशेला, काडी त्या दिशेला; एक संपली की तिच्या टोकापासून दुसरी. अशा पाच मांडल्या. पहिलीच्या सुरुवातीपासून शेवटचीच्या टोकापर्यंत जे अंतर राहील, तेवढाच जोर घोडीच्या वाट्याला येणार होता. पाचवीचं टोक पहिलीच्या सुरुवातीला येऊन टेकलं. काहीच उरलं नाही.

बाबा दोर दुसऱ्याच्या हाती देऊन घाम पुसायला बाजूला आले होते. माझ्यामागे थांबले.

"हे काय मांडून राह्यला तू?"

मी सांगितलं. याच गणितात मी नापास झालो होतो. तळ्यातून वर यायला खडकाळ उतार एकच, आणि त्याच्या मागे निवडुंगाचं दाट बेट. तिथं उभं राहून ओढणं कोणाला शक्य नव्हतं. मी तीन काड्या काढल्या आणि दोनच ठेवल्या, एक उताराच्या डाव्या अंगाला कललेली, एक उजव्या. दोघींची बेरीज सरळ उतारावर जात होती.

बाबांनी काड्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"मले हे समजत नाही," ते म्हणाले. "मानसं कुठं उभी करू, ते सांग."

दोर सोडायला लोक तयार होईनात. घोडी आणखी खाली जाईल, असं एक जण म्हणू लागला. चाचा गाळातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "सोडा भाऊ. हा सांगते तसं करून पाहा."

तीन दोर सुटले. निम्मी माणसं पाळीवर, निम्मी उताराच्या दुसऱ्या अंगाला, कपडे धुवायच्या फरशीवर. पहिल्या ओढीला घोडी पाळीकडे सरकली. तिकडचे दोन गडी मी फरशीकडे बोलावले. पुन्हा ओढ लागली आणि ती निघाली. या दोराकडे नाही, त्या दोराकडेही नाही. दोहोंच्या मधून, जिथं ना दोर होता ना माणूस, त्या वाटेनं ती संथ येत राहिली. गाळाचा तेवढा हलका आवाज होत होता. मग तिचे खूर खडकाला लागले, आणि पुढची दोन पावलं तिनं स्वतः टाकली. चाचांनी तिच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तसेच उभे राहिले.

दोन-तीन दिवसांनी ते घोडी घेऊनच घरी आले, एक मोठं टरबूज घेऊन. मी परत कॉलेजात जाणार का, असं त्यांनी विचारलं. माझं अजून काही ठरलं नव्हतं.

"जाईन ना हा," टरबूज चिरता चिरता बाबा म्हणाले. "कायले नाही जाईन?"

मी गेलो, आणि पुढच्या वर्षी तो पेपर सुटला. पण त्या दुपारी मी नुसता बसून होतो. घोडी अंगणात उभी होती, पोटाखालचा गाळ अजून पुरता निघाला नव्हता, आणि आई तिला टरबुजाची एकेक साल भरवत होती.