आ-हुन वहिनींचा पत्ता

ताइनानहून येणाऱ्या बसगाड्या मी रोज बघतो. शहर इथून जवळच, त्यामुळे रविवारी तर रांग लागते. माणसं उतरतात, टोपीची दोरी हनुवटीखाली आवळतात, माझ्या तराफ्यावर बसून तिवरांच्या आणि कालवांच्या बांबूंच्या मधून एक फेरी मारतात, आणि राष्ट्रीय उद्यान बघून आलो असं सांगायला घरी जातात. आम्ही इथेच जन्मलो, इथेच मासे वाढवले. उद्यान झाल्याची पाटी लागली तेव्हा माझी बायको म्हणाली होती, चला, आता पक्ष्यांबरोबर आपलीही मोजदाद होणार.

तर अशाच एका रविवारी म्हाताऱ्या मंडळींची बस आली. उत्तरेचा वारा बोचत होता. मी एकेकाला नारिंगी जाकीट चढवत होतो, आणि एका बाईच्या गळ्यात जाकीट अडकवताना माझा हात थबकला.

"आ-हुन वहिनी, तुम्ही?"

"हळू बोला, भावजी," त्या म्हणाल्या. "मी बघायला आलेय. मी इथली हे या बायकांना ठाऊक नाही. कळलं तर विचारतील, गाव का सोडलं म्हणून, आणि मग मी रडेन."

मी जाकिटाचा पट्टा लावला आणि गप्प राहिलो. गप्प राहणं मला किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा.

आ-हुन वहिनी म्हणजे माझ्या थोकची बायको. थोक आणि मी एकाच शाळेत एकाच बाकावर झोपा काढल्या. वहिनी पलीकडच्या काठावरच्या. पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी त्यांच्या हातात कालवं फोडायची सुरी आली. त्यांच्या लग्नाची गोष्ट अजून गावात सांगतात. नवरीचा तराफा निघायला उशीर झाला, ओहोटी लागली, आणि तराफा भर खाजणात चिखलात रुतला. भरती येईपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नव्हता. वाजंत्रीवाले भुकेने कुरकुरायला लागले. तर या लाल कपड्यातल्या नवरीने सुरी मागून घेतली, शेजारच्या बांबूंवरची कालवं तोडली आणि फोडून एकेकाच्या तोंडात दिली. कालवं माझ्या बापाची होती. बाप मरेपर्यंत सांगायचा, थोकच्या लग्नाचं जेवण मी घातलं, आणि अहेरही माझ्याकडूनच घेतला.

पुढे दोघांनी बांधाला लागून एक तळं केलं. मासे वाढवले, एक मुलगा वाढवला. थोक गेला, आणि मुलगा, क्येनसिंग, आईला शहरात घेऊन गेला. चौथा मजला, लिफ्ट, मऊ गादी. मुलगा वाईट असता तर गोष्ट सोपी होती. पण हा पोरगा रोज सकाळी कामावर जाण्याआधी आईला माशाच्या पोटाची पेज आणून देतो. असल्या मुलाला नाही कसं म्हणायचं?

आणि नाही म्हणायची वेळ तर आली होती. शेजारच्या गावचा एक कोळंबीवाला तळं भाड्याने मागत होता, सामान ठेवायला घरही. त्याला वर्ष संपायच्या आत उत्तर हवं होतं. देऊन टाकावं असंच क्येनसिंगचं मत होतं, तरी तो म्हणाला होता, "आई, निर्णय तुझा. हवं तर ओंग-याला विचार." ओंग-या म्हणजे आमच्या खाजणाचा राखणदार देव. तेवढ्यासाठी वहिनी या सहलीत घुसल्या होत्या. हे सगळं त्यांनी मला इंजिनाच्या आवाजाआड सांगितलं.

फेरी मारता मारता आम्ही त्यांच्या बांधाशी आलो. घराची खिडकी फळी मारून बंद केलेली, दारात गवत. मोठी काळी टोपी घातलेली एक बाई म्हणाली, "कोणाचं हो हे घर? किती ओसाड."

"असेल कोणाचं तरी," वहिनी म्हणाल्या, आणि तळ्याकडे बघत राहिल्या. तळ्यात मासे अजून होते. मीच अधूनमधून खाद्य टाकत होतो. थंडीची लाट यायच्या आत ते काढायला हवे होते, नाहीतर एका रात्रीत सगळे उलटे तरंगले असते.

बस देवळापाशी जेवायला थांबली. बाकीची मंडळी कालवांच्या भज्यांकडे पळाली, वहिनी देवापुढे गेल्या, आणि मी त्यांच्या मागे. कौल लावायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे घेतले, नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगितला, आणि विचारलं, "मुलाचं ऐकून तळं देऊ का?" ठोकळे टाकले. एक पालथा, एक उताणा पडला तर देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. वहिनींचे दोन्ही उताणे पडले आणि पाठीवर डुलत राहिले. म्हणजे देव हसतोय, उत्तर देत नाही.

पुन्हा टाकले, पुन्हा हसला. आणखी एकदा, तेच.

भजी खात खात ती काळ्या टोपीवाली आत डोकावली. "अहो बाई, देवाला हसू द्या. भजी गार झाली की तो रडेल."

देवळाचा म्हातारा ल्यांग उदबत्त्यांची राख चाळत बसला होता. त्याने मान वर केली. "पत्ता कोणता सांगितलात?"

"पत्ता आहे तोच. पूर्व पेठ, चौथा मजला. मुलाने ओळखपत्रावर बदलून घेतलाय."

ल्यांगने राखेची चाळणी खाली ठेवली. "मग हसणारच की. शहरातल्या चौथ्या मजल्यावरची कोण बाई खाजणातल्या तळ्याचं विचारतेय, हे त्याला कसं कळावं? पत्ता नीट सांगा."

"पण मी राहते तिथेच ना. जुना सांगितला तर देवाशी खोटं बोलल्यासारखं होईल."

"खोटं की खरं ते तुम्ही ठरवा. मी फक्त राख चाळतो."

वहिनींनी ठोकळे पुन्हा हातात घेतले. मग पाठ ताठ केली आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "मी आ-हुन. थोकची बायको. राहणार बांधाच्या कडेचं शेवटचं घर, तळ्याशेजारी, कालवांच्या ढिगाच्या मागे."

आम्ही ठोकळे पडायची वाट बघत होतो. वहिनींनी ते हळूच देवापुढे परत ठेवून दिले.

"टाका की," मी म्हणालो.

"आता काय विचारू, भावजी? राहणार कुठे ते सांगून झालं." आणि काळ्या टोपीवालीकडे वळून म्हणाल्या, "ते ओसाड घर माझं आहे. चहा देता येणार नाही आज, पाणी बंद आहे."

बस त्यांना सोडून गेली. मी फोन केला, तसा संध्याकाळी क्येनसिंग रविवारच्या पाळीवरून थेट बांधावरच्या घरी आला, कामाचे कपडे अंगावर तसेच. मला वाटलं, आता वाद होणार.

"आई, तुझे गुडघे?"

"गुडघे तिथेही माझेच होते."

"पडलीस तर कोण बघेल?"

"आम्ही काय मेलोय?" मी म्हणालो.

"तुम्ही मध्ये बोलू नका, काका," तो म्हणाला. खिडकीची फळी त्याने उगाच हलवून पाहिली. "मला वाटलं, तुला तिथे बरं वाटतंय. तू कधी बोललीच नाहीस."

"तू रोज पेज आणायचास. कसं बोलू?"

त्याने मान वर करून छपराच्या पत्र्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "उन्हाळ्यात माझ्याकडे राहायचं. इथे पत्रा तापतो."

"येईन. पण कोळंबीवाल्याला तू सांग. मला फोनवर नाही म्हणता येत नाही."

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला, सोबत रजई आणि भाताचा कुकर. वहिनींनी त्याला कुकर खालीही ठेवू दिला नाही. "आधी उघाडीच्या फळ्या काढून तळ्याचं पाणी सोड, मासे काढायचेत," त्या म्हणाल्या, "वारा बघ कसा सुटलाय." बापाने एकदाही तळ्यात उतरू न दिलेला तो पोरगा मांड्यांपर्यंत रुतला आणि ओरडून विचारायला लागला की वरची फळी आधी की खालची.

"वरची," आम्ही दोघं एकदम म्हणालो, आणि मी तराफा बांधून चिखलात उतरलो.