ताईने दाखवलेली दिल्ली

ताईला नेमके किती दिसते? तिला घेऊन सहलीच्या बसने दिल्ली पाहायला निघताना माझ्यापुढे एवढा एकच प्रश्न होता आणि चार दिवसांत त्याचे उत्तर काढायचे, असे मी ठरवले होते. प्रश्न मुळात माझा नव्हता. तो ताईच्या मुलाचा होता.

ताई ही माझी थोरली बहीण. मखमलाबादच्या शिवारात, मळ्यातल्या घरात ती एकटी राहते. उभा जन्म तिने झेंडू आणि शेवंती पिकवली आणि नाशिकच्या फुलबाजारात विकली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तेव्हापासून ती पुन्हा तपासणीला गेली नाही. कोणी विचारले की "दिसतंय मला" म्हणून ती कामाला लागे. घरापासून वीस पावलांवर विहीर आहे आणि तिला कठडा नव्हता. मुलाचे म्हणणे असे की दिसत नसेल तर तिने मळा सोडून त्याच्या फ्लॅटवर यावे. तो मला म्हणाला, "मावशी, चार दिवस तू तिच्याबरोबर आहेस. तू सांगशील ते मी करीन."

मी तीस वर्षे भूगोल आणि इतिहास शिकवला. प्रश्न असा विचारावा की त्यात उत्तराचा धागा नसावा, हा वर्गातला नियम मी सहलीतही पाळला. लाल किल्ल्यासमोर चाळीस पावलांवर उभे राहून विचारले, "काय दिसतं?" ताई म्हणाली की भिंत तांबडी आहे, वर कंगोरे आहेत आणि दरवाज्याच्या डोक्यावर छोट्या छत्र्यांची ओळ आहे. कुतुबमिनारापाशी तिने पाच मजले सांगितले, सज्जे सांगितले, मिनार वर निमुळता होत जातो हेही सांगितले. माझ्या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे 'बरोबर' अशी नोंद झाली. चालताना ती माझे कोपर धरी, पण सत्तरीच्या बाईने अनोळखी गर्दीत एवढे करणे मला स्वाभाविक वाटले. दुसऱ्या संध्याकाळी मी भाच्याला निरोप पाठवणार होते की काळजीचे कारण नाही. ताई जेवायला बोलावत होती म्हणून निरोप राहिला.

तिसऱ्या सकाळी धुके पडले. डिसेंबरचे अखेरचे दिवस होते. बसने आम्हाला कर्तव्यपथावर उतरवले तेव्हा पुढचा दिव्याचा खांबसुद्धा दिसत नव्हता. आमच्या चमूतली माणसे कुरकुरत होती. मी सवयीने, खरे तर विचार न करताच, विचारले, "ताई, काय दिसतं?"

तिने हात उचलून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट केले. "कमान दिसते की. केवढी उंच हाय. दगडावर नावं कोरल्यात. खाली ज्योत हाय बघ, वाऱ्यानं वाकतीय. आणि मागं ती रिकामी छत्री."

ती सावकाश, खात्रीने सांगत होती. तिच्या बोटाच्या रोखाने तिघे-चौघे जण पाहू लागले. एक गृहस्थ म्हणाले, "हो हो, दिसली," आणि त्यांनी धुक्याचा फोटो काढला. मीही डोळे ताणून पाहिले. खोटे कशाला सांगू, क्षणभर मलाही त्या पांढऱ्यात एक कमान उभी दिसली.

साडेदहाच्या सुमारास धुके विरळ झाले. ताईने बोट दाखवले होते तिथेच कमान होती. पण कमानीखाली ज्योत नव्हती. ती काही वर्षांपूर्वीच शेजारच्या युद्धस्मारकात नेली आहे, हे मला ठाऊक होते. मागची दगडी छत्रीही रिकामी नव्हती; आता तीत काळा पुतळा आहे. ताईने दाखवलेली दिल्ली तीस वर्षांपूर्वीची होती, आणि ती कोणाची होती हे मला तत्काळ कळले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी प्रत्येक धडा आधी मळ्यात ताईसमोर म्हणून दाखवी. ती झेंडूच्या माळा ओवत ऐके. तांबडी भिंत, कंगोरे, पाच मजले, वाकणारी ज्योत, रिकामी छत्री: सगळी वाक्ये माझी होती. म्हणजे तीन दिवस माझ्या शेजारून जी बाई चालत होती, तिने समोरचे काहीच पाहिले नव्हते. माझे कोपर धरलेला तो हात मला एकाएकी गार वाटला.

दुपारी लख्ख ऊन पडले. आम्ही जंतरमंतरला गेलो. तिथल्या सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या मोठ्या यंत्राच्या तिरक्या भिंतीची सावली वाटेकडेच्या दगडी बैठकीवर सरकत होती. ती सरकताना दिसते, मिनिटाला तीन-चार बोटे. ताई बैठकीवर टेकली. तिने डोळे मिटले आणि पंजा दगडावर पालथा ठेवला.

"करंगळी गेली," ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. सावली करंगळीवर चढली होती.

"अनामिका." थोड्या वेळाने, "मधलं."

एवढ्या उंच भिंतीच्या सावलीला धारदार कड नसते. ऊन आधी फिकटते, मग जाते. डोळ्यांनी पाहून मला जिथे शंका येत होती, तिथे ती निःशंक होती. मी अधिक जवळ सरकले.

"तू मधी आलीस. बाजूला हो," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी बाजूला झाले. मग ती बोलली. "तीन दिस माझी परीक्षा घेतीयस, मास्तरीणबाई. प्रश्न इचारून श्वास धरतीस, पोरांपुढं धरायचीस तसा."

मी विचारले की धुक्यात बोट नेमके कसे रोखलेस. ती हसली. म्हणाली की कमानीला वळसा घालणाऱ्या गाड्यांचा आवाज तिकडेच गोल फिरत होता. डोळस माणसांना ऐकू येत नाही का?

"मग खोटं का सांगितलंस?"

"खोटं नाय गं. तू सांगितलेलं सगळं मला खरंच दिसतं. फकस्त ते समोर हाय का नाय, ते कळत नाय." तिने अंगठा हलवला. "हे मात्र समोर हाय. अंगठा गेला बघ."

सावली तिच्या मनगटापर्यंत आली होती. मी विचारले, मुलाला काय सांगू? ती म्हणाली, "काय दिसतं ते सांग. आणि हे बी सांग."

मी भाच्याला दोन्ही सांगितले: तिला दिसत नाही हे, आणि सावलीने झाकलेली बोटे तिने मिटल्या डोळ्यांनी मोजली हेही. पहिल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसला. दुसरीवर, माझ्या मते, अजून बसलेला नाही. तरी त्याने आठवड्याभरात विहिरीला छातीइतका दगडी कठडा बांधला. ताई स्वतःहून तपासणीला तयार झाली, आणि तूर्त ती मळ्यातच आहे. परवा आम्ही अंगणात बसलो असताना ती म्हणाली की बांधावरची चिंच यंदा लगडून वाकली आहे. ती चिंच तोडून बारा वर्षे झाली. मी बांधाकडे वळून पाहिले, आणि एकदा पाहून भागले नाही.

या लेखात जे पडताळता येते ते एवढेच. उन्हे चढल्यावर एखाद्या उंच भिंतीच्या सावलीलगत हात पालथा ठेवावा, डोळे मिटावेत, शेजारी कोणाला तरी कड पाहायला बसवावे आणि एकेक बोट सांगत जावे. मी बरोबर लिहिले आहे की नाही, हे वाचकांनी कृपया स्वतः करून पाहावे.