शनिवारचा अतिथी

उपासतापास आणि नेमधर्म यांच्याविरुद्ध मी तेव्हा एक पत्रक काढलं होतं. चार पानी, किंमत एक पैसा. सोलापुरात ते पैसा देऊन घेणारा कुणी भेटेना, म्हणून मीच फुकट वाटत हिंडायचो. असाच एका दुपारी पत्रकं काखेत मारून चाललो होतो, तर एका दारातून हाक आली, "अहो, या, जेवायला बसा."

हाक मारणारे काका साठीच्या पुढचे होते. जन्मभर रेल्वेत तारबाबू, शेवटची काही वर्षं जेऊरच्या स्टेशनात. नोकरी संपल्यावर सोलापुरात घर केलं. मुली सासरी गेलेल्या, घरात ते आणि काकू, दोघंच. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की आंघोळ, दुसरा झाला की पूजा, मग पोथी, मग नैवेद्य. गाड्यांच्या वेळा सांभाळल्या तशा आता देवांच्या सांभाळत होते, आणि मला कबूल केलं पाहिजे की माझ्या ओळखीच्या कुठल्याही सुधारकापेक्षा दोघं जास्त आनंदात होती. देव धुताना काका देवांशी बोलत, आणि काकू स्वैपाकघरातून देवांच्या वतीनं उत्तरं देत.

काकांचा चातुर्मासाचा नेम असा, की रोज एक अतिथी जेवल्याशिवाय स्वतः अन्नाला शिवायचं नाही. दारावरून जाणाऱ्याला हाक मारायला हरकत नव्हती. पण आधी सांगून ठेवलेला माणूस चालत नसे. तो पाहुणा झाला, अतिथी नव्हे, असं काकांचं म्हणणं. आषाढात लोक हौसेनं आले. श्रावण लागेपर्यंत गल्लीतली माणसं जेवणाच्या वेळेला त्या दारावरून जायचं टाळू लागली. रोज रोज फुकटचं कोण खाईल? काका मात्र नैवेद्य झाला की उंबऱ्यावर उभे राहून, कपाळावर हात धरून, उशीर झालेल्या गाडीची वाट बघावी तशी गल्लीच्या टोकाकडे बघत राहायचे.

यात गंमत फक्त बघणाऱ्याला. काकांना जुनं पित्त होतं आणि उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. एकदा दिवेलागणीपर्यंत कुणीच आलं नाही, तेव्हा त्यांना उंबऱ्यावरच घेरी आली. नवरा जेवल्याशिवाय बायकोनं जेवायचं नाही, म्हणून काकूही त्या दिवशी कोरड्या. मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. दोन म्हातारी माणसं आपल्या हातानं शिजवलेल्या अन्नासमोर उपाशी बसतात आणि याला पुण्य म्हणतात. काकूंना मी तसं तोंडावर म्हटलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग तू इकडून जात जा की आठवड्यातून दोनचारदा. मी बोलावत नाहीये हं. नुसता जात जा."

मी जाऊ लागलो. थोतांडाला हातभार लावतोय म्हणून स्वतःवर चिडायचो आणि भाकरी, आमटी, शेंगाची चटणी पोटभर खायचो. जेवताना काकांशी वाद. एकदा मी विचारलं, अतिथीची जात विचारता का? ते म्हणाले, शास्त्रात नाही. मग तुमच्या पानावर आजवर सगळे सोवळ्यातलेच कसे बसले? काका म्हणाले, आले तेवढे बसले. हे उत्तर मला झोंबलं. ठरवलं, आता असा माणूस आणतो की शास्त्राची परीक्षाच होईल.

गिरणीत माझा एक दोस्त होता, मूळ मोडनिंबकडचा, तालमीत जाणारा. त्याची जात मला ठाऊक होती. ती मी तेव्हा सांगितली नाही आणि आताही सांगणार नाही. श्रावणातल्या एका शनिवारी त्याची पाळी सुटल्यावर मी त्याला "चल, एका ठिकाणी जाऊ" एवढंच म्हणून घेऊन गेलो. काका उंबऱ्यावर होतेच. मी तिथंच, शेजारपाजारला ऐकू जाईल असं सांगितलं की हा माझ्याबरोबर आत, तुमच्या पंगतीत बसेल. सोप्यावर नाही, अंगणात नाही. तो बसला नाही तर मीही अन्नाला शिवणार नाही.

काकांनी दोस्ताकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "आलाय तो अतिथी. पाय धुवा." काकू आतून बघत होत्या.

दोस्त मात्र पाय धुवायला हलेना. तो हळूच म्हणाला, "पन मी जेवनार न्हाय. शनवार हाय माजा. मारुतीचा उपास. दिवं लागल्यावरच सोडतो."

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आधी का नाही सांगितलंस?

"तू इचारलंस कुटं? रस्ताभर तूच बोलत हुतास की."

आता हिशेब असा झाला. दोस्त मारुतीसाठी उपाशी. तो जेवत नाही म्हणून मी दिल्या शब्दासाठी उपाशी. आम्ही दोघं जेवत नाही म्हणून काका उपाशी, आणि काका जेवत नाहीत म्हणून काकू. चुलीवर आमटी आटत होती. गल्लीत दुसरं कुणी दिसेना. काका खांबाला टेकून बसले आणि पोटावर हात दाबून धरू लागले. दोस्त बिचारा त्यांना तालमीतला पित्तावरचा उपाय सांगू लागला. दोघांचं छान जमलं. मी तेवढा ताठ उभा.

काकू बाहेर आल्या. "तू तरी बस बाबा पानावर," मला म्हणाल्या. "यांचं पोट बघ."

मी म्हटलं, माझा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"म्हणजे नेमच की. आमच्यावर कशाला पत्रकं काढतोस मग?"

माझ्या उत्तराची त्यांनी वाटही पाहिली नाही. दोस्ताकडे वळून विचारलं, "फराळ चालतो का रे तुला? केळी, दूध, दाणे-गूळ?"

"चालतो की. अन्न तेवढं न्हाय."

इतक्या वेळात हे एकानंही विचारलं नव्हतं. काकूंनी आत तीन पाट मांडले, एका ओळीत, मधला दोस्ताला. त्याच्या पानावर केळी आणि दाणे-गूळ, शेजारी दुधाचा पेला. त्याच्या दोन बाजूंना काका आणि मी. फराळाला सोवळ्याचा बाध येत नाही, अशी पळवाट काकूंनी काढली असणार, हे मला तेव्हाच कळलं आणि रागही आला. पण भात वाढताना त्यांचा पदर दोस्ताच्या खांद्याला घासून गेला, तो त्यांनी सावरला नाही. काकांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि दोस्ताला दंड-बैठका किती काढतोस ते विचारत राहिले.

जेवण झाल्यावर काका मोरीवर चूळ भरायला गेले. दोस्त निघाला तसं काकूंनी त्याला दाराशी गाठून हळूच म्हटलं, "आता शनिवार सोडून ये. बुधवारी ये. आमटी-भात जेव."

मी म्हटलं, काकू, हे तर बोलावणं झालं. काका ऐकताहेत.

काकांनी मोरीवरून आमच्याकडे एकदा बघितलं, पाण्याचा दुसरा तांब्या उचलला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खळखळून गुळण्या सुरू केल्या.