मुठीखाली राहिलेला शिक्का

आमच्या आजोबांचा वस्तरा चुलतभावाच्या दुकानात काचेच्या पेटीत असायचा. आजोबा पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात वारले. जाताना त्यांनी तो थोरल्याच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या हातात दिला, असं चुलते सांगत. आमच्या घराण्यात वस्तरा ज्याच्या हाती, त्याचं दुकान. तेवढ्यावर औरंगपुऱ्यातलं दुकान त्यांचं झालं आणि माझ्या वडिलांनी जन्मभर एसटी स्टँडबाहेर लिंबाखाली दाढ्या केल्या. वर चुलते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "धाकट्याच्या हातात कसब नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यानं त्याला दिला नाय." हे मी लहानपणी दुकानात बसून ऐकलं आहे. विसरलो नाही.

मी धंदा केला नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणं हे माझं काम. जुने वस्तरे जमवायचा नाद मात्र लागला, आणि तो का लागला हे मला पक्कं ठाऊक होतं. जुना वस्तरा क्वचितच जसाच्या तसा राहतो. शिंगाची मूठ फुटून प्लास्टिकची येते, नाहीतर जुन्या मुठीत नवं पातं बसतं. म्हणून मुठीवरून वय सांगू नये, पाठ बघावी. दगडावर धार लावताना पाठही टेकते आणि पात्याबरोबर झिजते. पातं अरुंद आणि पाठ जाडच असेल, तर ते वापरानं झिजलेलं नाही. कुणीतरी मुद्दाम घासलेलं आहे.

चुलते होते तोवर पेटी माझ्यासाठी उघडली नाही. ते गेल्यावर समाजाच्या मंडळानं जुन्या दुकानांचा सत्कार ठरवला, आणि चुलतभाऊ स्वतःच वस्तरा घेऊन घरी आला. मुठीचा खिळा ढिला झाला होता.

"तू यातला शाणा. खिळा बसवून दे, अन् कार्यक्रमात दोन शब्द बोल. आजोबाच्या बी आधीचा हाय म्हण."

"बघून सांगतो, दादा."

"बघायचं काय त्यात? आख्ख्या औरंगपुऱ्याला म्हाईत हाय."

तो गेल्यावर मी खिळा काढला. मूठ खरी होती. वडील सांगायचे ती कंदिलानं भाजल्याची खूण तिच्यावर होती. पातं अरुंद, तेरा मिलिमीटरचं; पाठ मात्र साडेपाच, म्हणजे जाडच. बुडाचा शिक्का कानशीनं उडवलेला. पण मूठ न सोडवता घासल्यामुळं तिच्याखाली झाकलेला भाग तसाच राहिला होता. तिथं इंग्रजीत 'वेस्ट जर्मनी' अशी अक्षरं होती. आजोबा वारले तेव्हा जर्मनीचे दोन देश झालेच नव्हते. सकाळी उन्हात भिंगानं पुन्हा पाहिलं. घाईत मला हे बिघडवायचं नव्हतं.

रविवारी, दुकान भरलेलं असताना, गेलो. मूठ आणि पातं आरशासमोर वेगवेगळं ठेवलं आणि काय सापडलं ते सांगितलं. भावानं अक्षरं वाचली. खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला साबण घेऊनच बघायला उठलं.

"मूठ तर त्यांचीच ना?"

"मुठीनं दाढी होत नाही, दादा."

"जरा हळू बोल की."

"तुझे वडील हळू बोलत नव्हते."

मागच्या दारात बसलेली म्हातारी चुलती मध्येच म्हणाली, "म्हाताऱ्याचं पातं अस्थीसंगं गोदावरीत सोडलं. त्याचीच तशी विच्छा व्हती. धाकटा तवा तापानं पडलेला. पुढं त्यानं वस्तरा दाखवा म्हणलं, तवा ह्यांनी हे पातं आणून घासलं. म्या म्हणलं, कळंल की त्याला. तर म्हणले, त्याला कुठं वाचता येतं."

दोन्ही तुकडे माझ्याकडं सरकवत भाऊ म्हणाला, "झालं गेलं. खिळा बसव."

"बसवतो. कार्यक्रमात हे तू सांगणार असशील तर."

त्यानं सांगितलं नाही. सत्काराला तो रिकाम्या हातानं आला आणि वस्तरा घरी राहिला म्हणाला. मी पहिल्या रांगेतून उठलो. वस्तरा माझ्याकडं आहे आणि दोन तुकड्यांत आहे, असं म्हणून कुणी, कधी आणि कुणाला फसवायला पातं घासलं ते क्रमानं सांगितलं. मागून एक म्हातारा उठला. "मी स्टँडवर याच्या बापाकडंच दाढी करायचो," तो म्हणाला. "लई हलका हात."

भाऊ शाल न घेताच निघाला. दारातून त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.