ठमाबाईला रडवणारा पिच्चर

बावड्याला दर हिवाळ्यात सिनेमाचा तंबू यायचा, आणि पिच्चर चालणार की पडणार हे ठमाबाई ठरवायची. तिला अक्षरओळख नव्हती, नटनट्यांची नावं ती बिनदिक्कत उलटीसुलटी करायची. पण रडण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पडद्यावरच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत बायकांच्या बाजूनं ठमाबाईचा हुंदका ऐकू यायचा. घरून निघतानाच ती जुन्या लुगड्याचा एक मऊ धडपा घडी करून कमरेला खोचायची. परतताना तो पिळून घ्यावा लागे. पहिला खेळ सुटला की तंबूचे मालक आबासाहेब दारात उभे राहून तिलाच विचारायचे, "कसा हाय, मावशी?" ती "बघावा असा हाय" म्हणाली की दुसऱ्या दिवशी जीपवरचा कर्णा गावोगाव ओरडत सुटायचा, 'बावड्याच्या ठमाबाईला रडवणारा पिच्चर!' लोक हसायचे आणि तिकीट काढायचे. लोकांचं काय जातंय, त्यांना दुसऱ्याच्या रडण्याचीही करमणूक होते.

तिचा नवरा मेंढरं राखायचा. चराईची रानं उसाखाली गेली तशी मेंढरं विकली, पुढं नवराही गेला, आणि ती लोकांच्या उसात खुरपायला जाऊ लागली. एकुलता एक बिरदेव. तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागेल, रोज संध्याकाळी मोटारसायकलवरनं घरी येईल, असा तिचा हिशेब होता. तो सैन्यात भरती झाला. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सीमेवरच्या लढाईत गेला. पेटी आली, तिच्यावर झेंडा होता. सोबतच्या साहेबानं हात जोडून सांगितलं, की पेटी उघडता येणार नाही. ठमाबाईनं बरं म्हणून मान हलवली.

आणि ती रडली नाही. आमच्याकडं भेटायला आलेली बाई आधी गळ्यात पडते, गेलेल्याचं नाव घेऊन मोठ्यानं रडते, म्हणजे घरच्या बाईलाही रडू फुटतं. गावच्या, भावकीच्या, पार नरसिंहपूरकडच्या बायका येऊन गळ्यात पडून गेल्या. लोकर कातरायला आडवी पाडलेली मेंढी जशी निपचित पडते, तशी ठमाबाई त्यांच्या मिठीत राहिली. दुःख होत होतं म्हणावं, तर तेही नाही. भाकरी खायची, चव लागायची नाही. उसाचं पातं हाताला कापायचं, रक्त दिसल्यावर कळायचं. अशानं बाई आतल्या आत कुढते आणि खुळी होते, असं बायका बोलत. ते ऐकून धाकटी जाऊ सारजा धास्तावली. बिरदेव तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला.

हिवाळ्यात तंबू आला, तशी सारजाच्या डोक्यात कल्पना आली. पोस्टरवर बंदूक घेतलेला जवान होता, मागं आगीचे लोळ, आणि कोपऱ्यात पांढऱ्या केसांची म्हातारी दोन्ही हात वर करून उभी. सारजानं मनाशी पक्कं केलं, की जवान मरतो आणि आई टाहो फोडते. मग आक्काला आणखी काय पाहिजे? जे भावकीला जमलं नाही ते पिच्चरला जमेल.

"आक्का, चल पिच्चरला."

"चल," ठमाबाई म्हणाली. नको म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. सवयीनं तिनं धडपा मात्र कमरेला खोचला.

तंबूत पोतं टाकून दोघी बसल्या. ठमाबाईच्या लक्षात आलं, की बायका पडद्याकडं कमी आणि आपल्या तोंडाकडं जास्त बघताहेत. आपल्याला कशासाठी आणलंय हे तिला कळलं. राग आला नाही. उलट, एवढ्या जणी ताटकळल्यात तर रडावं बिचाऱ्यांसाठी, असंही वाटलं. पण रडू काही आलं नाही.

आणि पिच्चरही भलताच निघाला! त्या जवानावर वीज पडते आणि त्याची छाती पोलादाची होते. शत्रूच्या गोळ्या टणाटण आपटून उडायच्या. पोस्टरवरची म्हातारी शोक करत नव्हतीच. लेकानं रणगाडा डोक्यावर उचलला म्हणून हात वर करून नाचत होती. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या. सारजानं कपाळावर हात मारला. मरणार कोण? इथं तर कुणी मरायलाच तयार नव्हतं.

खेळ सुटला. आबासाहेब दारातच होते. यंदा विचारावं की नाही, या पेचात ते टोपी काढत होते, घालत होते. शेवटी जुन्या सवयीनं तोंडातनं गेलंच, "कसा हाय, मावशी?"

मागची गर्दी थांबली. ठमाबाईनं जरा विचार केला.

"बरा हाय," ती म्हणाली. "गडी झ्याक हाय. गोळी लागती आन् उडती. पर उडून जाती कुठं?"

"म्हंजी?"

"त्येच्या बाजूला एक पोरगं हुतं. बारीकसं, डोक्यावरची टोपी ढिली. सुरवातीला पाण्याची बाटली घिऊन आलेलं. लढाईत त्येच्या शेजारीच हुबं हुतं. गोळ्या उडाल्या, आन् मग ते पोरगं कुठंच दिसलं न्हाय. शेवटाला समदी नाचत हुती, त्यातबी न्हाय."

आबासाहेबांनी आठवून पाहिलं. हा पिच्चर त्यांनी गावोगाव दाखवला होता, पण असलं पोरगं काही आठवेना. मागं उभ्या असलेल्यांपैकीही कुणी ते पाहिलं नव्हतं.

"मावशी, त्यो... असतोय असाच कुणीतरी, गर्दीतला."

"आसल," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज भाजीचा भाव विचारावा इतका साधा होता. "पर पडल्यावर त्येचं तोंड तरी दावायचं. एकडाव. तेवढं ऱ्हायलंय पिच्चरात."

पेटीचं झाकण सगळ्यांनाच आठवलं. आबासाहेबांनी टोपी काढली ती काढलीच.

आणि मग सारजाला रडू फुटलं. "बिरदेवा रं" म्हणत ती ठमाबाईच्या गळ्यात पडली आणि भर गर्दीत लहान पोरासारखी हमसून हमसून रडू लागली. बायका पुढं सरकल्या, ठमाबाईचं तोंड निरखू लागल्या. आता तरी, आता तरी.

ठमाबाईचे डोळे कोरडेच होते. तिनं एका हातानं जावेची पाठ थोपटली. दुसऱ्या हातानं कमरेचा धडपा काढला, झटकून घडी मोडली, आणि सारजाच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "मला लागला न्हाय."