नोएमीची तपकिरी चांदी

मेक्सिकोतल्या साकातेकास शहराच्या एका गल्लीत कुजबुज होती, की म्हाताऱ्या एलिहिओची लेक नोएमी खाणीतून चांदी चोरते. जेवणाच्या डब्यात चिखल भरून नेताना तिला पाहिलं होतं, आणि गल्लीला तेवढं पुरतं. जन्मभर त्याच खाणीत ताठ मानेनं राबलेल्या एलिहिओला दुकानात जायची लाज वाटू लागली. शेवटी ती संशोधन करायची त्या प्रयोगशाळेत तो जाऊन धडकला.

तिनं कॉफीसारखं तपकिरी पाणी पुढं केलं. “बाबा, ही चांदी.”

“ही चांदी असेल, तर मी बिशप.”

“कण अतिसूक्ष्म झाले की रंग असाच दिसतो. चिखलातले जिवाणू चांदीच्या क्षारापासून ते घडवतात.”

मग तिनं काचेची बशी दाखवली. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू बशीत माजले होते. त्या पाण्याच्या थेंबाभोवती मात्र एकही उरला नव्हता. एलिहिओ वाकून बशीत बघू लागला.

संध्याकाळी तो मुद्दाम गर्दीच्या वेळी दुकानात टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणायला गेला.

“काय एलिहिओदादा, चांदीच्या ताटात जेवता म्हणे?” शेजारणीनं टोचलं.

“ताटाचं काय घेऊन बसलीस? माझी लेक जिवाणूंकडून चांदी घडवून घेते,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

नोएमीनं चांदी कधीच चोरली नव्हती. डब्यातून जायचा तो जिवाणूंचा चिखल. क्षार प्रयोगशाळा विकत आणायची.