पापणीला विचारा

कापड चांगलं की वाईट हे बाई हाताने बघायच्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायच्या, डोळा मिटायच्या आणि कापडाचं टोक पापणीवरून हळूच फिरवायच्या. दुकानदार आपला "मॅडम, प्युअर कॉटन, गॅरंटी" करत बसलेला. बाई डोळा उघडून म्हणायच्या, "तुमच्या गॅरंटीला काय करू? पापणीला विचारा." कापड टोचलं की पुढे बोलणं नाही. पर्स उचलायची आणि दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या.

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी प्रयोगशाळेत सहायक. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या सांभाळायच्या, सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसायची, हे माझं काम. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर आम्ही रोज डबा खायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उंची बेताची, आवाज दोन वर्ग ओलांडून जाणारा. मदत करणार, पण आधी यथेच्छ झापून घेणार.

विज्ञान त्या पोटासाठी शिकवायच्या. जीव होता तो बाळाच्या सामानात. शिक्षकखोलीत कोणाला दिवस गेल्याचं कळलं की मधल्या सुट्टीत बाईंचा तास सुरू. मोबाइलवर कोणी गाडी-पाळणे दाखवायला लागलं की त्या तो मोबाइल पालथा घालायच्या. "तीन महिन्यांचं तर राज्य! तेवढ्यासाठी घर भरताय?"

"बाबागाडी हवी म्हणे. फिरवणार कुठे? तुमच्या आळीला जांभ्याच्या पायऱ्या. शेवटी तिच्यात नारळ ठेवाल."

"बूट कशाला? कोर्टात तारीख आहे त्याची?"

"वॉकर? पाय त्याचे आणि घाई तुमची!"

मग घ्यायचं काय? तेही ठरलेलं. लंगोट भरपूर, कारण आपल्याकडे पावसात काही वाळत नाही. मेणकापड. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. उकळता येईल अशी वाटी आणि चमचा. अंघोळीचा टब नको, पाय लांब करून बसा आणि पायावर घेऊन न्हाऊ घाला. "आणि जुनं मऊ कापड. ते माझ्याकडे आहे. बाकी सगळं दुकानदाराच्या पोरांच्या शिक्षणाला."

ते जुनं मऊ कापड म्हणजे बाईंचं गाठोडं. बाईंचं माहेर संगमेश्वरच्या बाजूचं. लेकीच्या बाळंतपणाला त्यांच्या आईने आपली वापरून वापरून विरलेली लुगडी फाडून हाताने झबली शिवली, दुपटी शिवली, कुंच्या शिवल्या. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची इवलीशी कुर्ली, म्हणजे खेकडा. म्हातारीला पोपट-मोर जमत नव्हते म्हणे, नदीतली कुर्ली तेवढी डोळ्यांसमोर होती. त्या कपड्यांत वाढलेली बाईंची मुलगी शाळेत कधी आजारी पडली नाही, धावण्यात पहिली आली, पुढे डॉक्टर झाली.

आता आमच्याकडची रीत सांगते. पोराच्या अंगाला पहिलं नवं लावत नाहीत. जुनं लावतात, तेही दुसऱ्या घरून मागून आणलेलं. त्या घरचं मूल धडधाकट वाढलेलं असलं म्हणजे तो गुण लागतो. मी मालगुंडची, मासेमारी करणाऱ्या खारव्यांची. आमच्या वाडीत एक झबलं सात घरं फिरायचं. बाई बाकी कसलं मानायच्या नाहीत, पण हे मानायच्या. म्हणायच्या, "जुनं मऊ असतं. विज्ञान तेवढंच त्यातलं. पण ते आजीबायांना आपल्याआधी कळलं."

म्हणून गाठोडं जायचं. कपड्यांच्या घड्यांत बाई कडुनिंबाच्या सुक्या डहाळ्या ठेवायच्या, चार टोकांची गाठ मारायच्या आणि स्वतः नेऊन द्यायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी ते परत यायचं, वर पेढ्यांचा पुडा. "खूप उपयोगी पडलं हो!"

बाई प्रयोगशाळेत ते सोडायच्या. आत डहाळ्या जशाच्या तशा. सुका पाला तो, घडी नुसती उचकटली तरी चुरा व्हायचा. एक पान मोडलेलं नसायचं. पहिल्यांदा मी म्हटलं, "मॅडम, हे तर..." त्यांनी मला बोलू दिलं नाही. "काटकसरी लोक आहेत गो. जपून वापरलंन." आणि पेढे माझ्याकडे सरकवले.

बाई बौद्ध. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी त्याचा उच्चार करायचं नाही. न बोलणं हीच आमची सुधारणा. स्नेहसंमेलनात समतेची गाणी बसवायची, भाषणं ठोकायची, बाईंनी आणलेल्या वड्या चाटूनपुसून खायच्या. पण त्यांच्या घरचं कापड आपल्या पोराच्या अंगाला? तिथे सगळ्यांच्या घरात एकदम नवं लागायला लागायचं. "आमच्याकडे नवंच घालतात हो." ओठात एक, पोटात एक. मला तेव्हाही चीड यायची आणि आताही येते.

मग गणिताच्या मॅडमना दिवस राहिले.

या मॅडम वयाने लहान. नोकरीला लागल्या तेव्हा बाईंनीच त्यांना खोली शोधून दिली होती. आमच्याच टेबलावर जेवायच्या, बाईंच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी बोटाने चाटून खायच्या. त्यांनी आपणहून सांगितलं, "बाई, माझ्या बाळाला पहिलं तुमचंच झबलं. दुसरं कुणाचं नको."

बाईंचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. घरी जाऊन त्यांनी सगळं गाठोडं पुन्हा धुतलं, उन्हात घातलं, उसवलेली एक कुर्ली निळा दोरा आणून नीट केली. मला म्हणाल्या, "ही वापरील गो. ही तशी नाही." दुकानात जाऊन मच्छरदाणीही त्यांनीच निवडली, जाळी पापणीला लावून. दुकानातली पोरगी हसली. बाईंनी तिलाही झापलं.

मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळे गेलो. मी आणि बाई एकाच रिक्षाने. वाटेभर बाईंचं एकच, "पिवळं झबलं घातलं असेल बघ. पिवळं उठून दिसतं."

घर माणसांनी भरलेलं, घुगऱ्या वाटत होते. आदरातिथ्यात कमी नाही हां, मॅडमच्या सासूबाईंनी बाईंना खुर्ची दिली, सरबत दिलं. पाळण्यात बाळ झोपलं होतं. अंगात पांढरं झबलं, बरंच जुनं, काखेत ठिगळ लावलेलं. कुर्ली नव्हती.

कोणीतरी विचारलं, "जुनं घातलंत ते?"

सासूबाई कौतुकाने सांगायला लागल्या. "पहिलं जुनंच घालावं हो. माझ्या नणंदेच्या नातवाचं आहे, सावर्ड्याहून मुद्दाम माणूस पाठवून मागवलं. आपल्या माणसातलं असलं म्हणजे बरं."

बाई पाळण्याशीच उभ्या होत्या. मॅडमनी मान खाली घातली आणि बाळाचं नीट असलेलं दुपटं पुन्हा नीट केलं. सावर्ड्याला माणूस गेला होता! जुनं चालत होतं. ठिगळाचं चालत होतं. बाईंच्या घरचं चालत नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं, पण बाईंनी माझा दंड असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्या वाकल्या, बाळाच्या हातात चांदीचा वाळा दिला आणि म्हणाल्या, "गोड आहे हो."

निघताना सासूबाईंनी गाठोडं आणून दिलं. वर नारळ. "खूप उपयोगी पडलं हो!"

परतताना रिक्षात बाईंच्या मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर नारळ. मांडवीच्या वळणावर त्यांनी मला विचारलं, "तिला तरी कळायला हवं होतं ना गो?" मला रडूच फुटलं. त्या रडल्या नाहीत.

त्यानंतर बाई बदलल्या. चित्रकलेच्या मॅडमना दिवस गेले तेव्हा त्या सवयीने विचारायला आल्या, "बाई, काय काय घेऊ?"

"सगळं घ्या," बाई म्हणाल्या. "बाबागाडी घ्या, वॉकर घ्या, बूट घ्या. नवं घ्या, महागातलं घ्या. कुणाचं जुनं आणू नका. पावती तेवढी जपून ठेवा, म्हणजे कुठून आलं ते घरच्यांना दाखवता येईल."

चित्रकलेच्या मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत.

एका दुपारी तास संपवून बाई प्रयोगशाळेत आल्या, गाठोडं टेबलावर सोडलं आणि विच्छेदनाच्या पेटीतली कात्री मागितली. मी म्हटलं, "मॅडम, हे काय? उद्या लेकीला मूल झालं तर?"

"चार घरांनी परत पाठवलेलं मी माझ्या नातवाच्या अंगाला लावणार नाही."

"तुम्ही विज्ञानाच्या, आणि असं मानता?"

"विज्ञानाची म्हणूनच. इतकी वर्षं प्रयोग केला ना? आता निष्कर्ष निघाला."

आणि त्यांनी पिवळं झबलं कापलं. मग दुपटी, मग कुंच्या. हाताएवढे चौकोन. कुर्ल्या मात्र कापल्या नाहीत. त्यांच्या भोवतीने कात्री फिरवली. ढीग माझ्यापुढे लोटून म्हणाल्या, "भिंगं पुसायला घे. याच्याइतकं मऊ तुला सरकार देणार नाही." वर्गावर जायची घंटा झाली तशा उठल्या आणि पदर झटकून गेल्या. खोलीभर कडुनिंबाचा वास राहिला.

निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या अंगावर शाल घातली. मुख्याध्यापक बाईंच्या मायेबद्दल बोलत होते, सगळ्या शाळेची आई वगैरे. बाईंनी चष्मा वर सरकवला, डोळा मिटला आणि शालीचं टोक पापणीवरून फिरवलं. माइक समोरच होता.

"टोचते," त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या. शाल घडी करून त्यांनी खुर्चीवर ठेवली ती तिथेच राहिली. महिनाभरात घराला कुलूप लावून त्या मुलीकडे गेल्या. फोन करते मी अधूनमधून. शाळेचं कोणाचं त्या विचारत नाहीत, फक्त विचारतात, "भिंगं नीट आहेत ना गो?"

परवा गणिताच्या मॅडम प्रयोगशाळेत आल्या. चष्म्यावर खडूची धूळ बसली होती. समोर कापड दिसलं, त्यांनी उचललं आणि काचा पुसल्या. मग थबकल्या. चष्मा हातात, डोळा मिटलेला, कापडाचं टोक पापणीवर. बाईंची सवय त्यांना कधी लागली होती कोण जाणे.

"किती मऊ आहे हो ताई! कुठून आणलंत?"

"आणलं नाही मॅडम," मी म्हटलं. "तुमच्या घरून परत आलेलं आहे."

त्यांनी कापड उलटं केलं. कोपऱ्यात निळी कुर्ली होती.

मी नळ सोडला आणि परीक्षानळ्या धुवायला घेतल्या.